शेलचेक: अवतरणचिन्हांचा कडक तपासनीस

राजारामपुरीतील आमच्या फोटो स्टुडिओत फोटो लहान करणे, त्यांच्या प्रती काढणे आणि जुन्या प्रती डिलीट करणे ही कामे मी लिहिलेल्या बॅश स्क्रिप्ट (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या बॅश या शेलसाठी लिहून ठेवलेल्या कमांडच्या फाइली) करतात. गेल्या पावसाळ्यात 'रंकाळा जुने' हा फोल्डर काढायला सांगितला असता स्क्रिप्टने शेजारचा 'रंकाळा' हा मूळ फोटोंचा फोल्डर पुसून टाकला आणि वर 'जुने' सापडत नाही, अशी तक्रारही केली. नाव मी अवतरणचिन्हांत दिले होते, त्यामुळे ते स्क्रिप्टपर्यंत अखंड पोहोचले होते; मात्र आतील ओळीत मी $1 (स्क्रिप्टला दिलेले पहिले नाव ज्यात येते ते व्हेरिएबल) अवतरणचिन्हांशिवाय उघडेच ठेवले होते आणि उघड्या व्हेरिएबलमध्ये स्पेस, टॅब किंवा नवी ओळ आली की बॅश तेथे त्याचे तुकडे पाडते.

त्यानंतर मी शेलचेक हे स्क्रिप्ट तपासणारे सॉफ्टवेअर घेतले. ते मोफत आहे, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर एका कमांडने बसते आणि स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचून दोष दाखवते. तीच स्क्रिप्ट त्याला दिली, तेव्हा $1 च्या नेमके खाली खूण करून एससी2086 ही सूचना आली: येथे "$1" लिहा, नाहीतर शब्द तुटतील आणि * सारख्या चिन्हांच्या जागी फाइलींची नावे येतील. उघड्या $@ साठी (म्हणजे स्क्रिप्टला दिलेल्या सगळ्या नावांसाठी) एससी2068 ही वेगळी सूचना आहे. संदेश इंग्रजीत असले, तरी प्रत्येक क्रमांकाच्या विकी पानावर चुकीचा आणि दुरुस्त कोड दिलेला असल्याने अडत नाही.

मात्र कमांड टाइप करतानाची चूक त्याच्या हाती लागत नाही. आमच्या मदतनिसाने 'लग्न & रिसेप्शन' हे नाव अवतरणचिन्हांशिवाय टाइप केले; उघडे & म्हणजे आधीची कमांड बॅकग्राउंडला चालवा, असा बॅशचा अर्थ, म्हणून स्क्रिप्ट 'लग्न' एवढेच घेऊन बॅकग्राउंडला गेली आणि बॅश 'रिसेप्शन' नावाची कमांड शोधत बसले. '-निवडक' अशा नावाच्या फोल्डरबाबतही शेलचेक गप्प राहिले. "$1" लिहूनही डिलीटची कमांड - ने सुरू होणाऱ्या त्या नावाला पर्याय (ऑप्शन) समजते, म्हणून त्याआधी -- द्यावे लागते.

झेडशेल या बॅशसारख्याच दुसऱ्या शेलच्या स्क्रिप्ट शेलचेक तपासत नाही, ही मॅक वापरणाऱ्यांची खरी अडचण आहे, कारण 2019 पासून मॅकवर झेडशेल हेच डीफॉल्ट शेल असते. अर्थात, झेडशेल उघड्या व्हेरिएबलचे असे तुकडे मुळात पाडतच नाही, हे माझा मॅकवाला धाकटा भाऊ मला अधूनमधून ऐकवत असतो.