एक बुगडी हरवली, दुसरी ‘नमुन्याला’ म्हणून गेली

जोडीतला एक दागिना हरवला असेल तर उरलेला दागिना अनोळखी माणसाला ‘नमुना’ म्हणून पाठवू नका. कुरिअरने तर नाहीच नाही. माझ्या आईची बुगडी अशी गेली, वर १८,७६० रुपये गेले, आणि जिथे जिथे दाद मागायला गेले तिथे मलाच उलटे प्रश्न विचारले गेले. संताप अजून ओसरलेला नाही, म्हणून लिहितेय.

बुगडी सैल होणं हे घालणाऱ्या बायकांना नवीन नाही. ओढणीत अडकते, केसांत गुंतते, हेल्मेट काढताना फिरकी उलटी फिरते. माझ्या जोडीतल्या एकीचे आटे झिजले होते. दांडीला दोरा गुंडाळून घालत होते, तरी पडलीच. आमच्या सोनाराने उरलेली काट्यावर ठेवली, मोत्यांसकट १.८४० ग्रॅम भरली. म्हणाला, “ताई, ही हाताची घडण. आता आमच्याकडे कोणी करत नाही, साच्यातली देतो.” साच्यातली मला नको होती. आणि कानाच्या वरच्या कडेचं भोक मोकळं राहिलं की बारीक होत जातं, तीही घाई होती. फसवणाऱ्यांना नेमकं हेच ठाऊक असतं.

सोशल मीडियावर एक पान सापडलं. ‘हरवलेल्या दागिन्याची हुबेहूब जोड करून मिळेल.’ कारागीर कानसीने मोती बसवायची जागा साफ करतोय असे व्हिडिओ, खाली धन्यवादांचे ढीग. मी फोन केला, शंभर प्रश्न विचारले. माणूस बोलायला मऊ, प्रत्येक वाक्यात ‘मावशी’. पुण्यातला पत्ता दिला, आधार कार्डाचा फोटो पाठवला (तो दुसऱ्याच कुणाचा, हे नंतर कळलं). फोटोवरून घडण जुळत नाही, मूळ नग हातात लागतो, असं त्याचं म्हणणं. सोनारकामातलं हे खरंच आहे, त्यामुळे खटकायचं कारण नव्हतं. आगाऊ ८,५०० रुपये भरले.

मग तो म्हणाला, “मावशी, पाकिटावर सोनं लिहू नका, कुरिअरवाले घेत नाहीत आणि वाटेत चोरी होते. ‘नकली दागिने, किंमत ५०० रुपये’ असं लिहा.” खाजगी कुरिअरवाले सोनं घेत नाहीत हे मलाही माहीत होतं. लिहिलं. ही एक ओळ त्याने माझ्या हाताने, माझ्या सहीनिशी लिहून घेतली आणि पुढे तीच माझ्या गळ्याशी आली.

पाकीट पोचल्यावर त्याने वजनाचा फोटो पाठवला. काट्यावर माझी बुगडी, आणि आकडा १.६२. तो फोटो मी अजून उघडून बघते. १.८४० ची १.६२ कशी झाली, हे मी लगेच विचारलं. “तुमच्या सोनाराचा काटा जुना असेल, आमचा मिलिग्रॅमपर्यंत अचूक आहे.” अहो, मिलिग्रॅमपर्यंत अचूक काटा दशांश चिन्हापुढे तीन आकडे दाखवतो! याच्या काट्यावर दोनच होते. सगळं त्या फोटोत डोळ्यांसमोर होतं. वजन आधीच कमी दाखवून ठेवायचं, म्हणजे पुढे भांडण झालंच तर हाच फोटो पुढे करता येतो. पण वस्तू त्याच्या हातात आणि ८,५०० त्याच्या खात्यात असताना ग्राहकाने भांडायचं तरी कशाच्या जोरावर? त्याने ‘ऑर्डर रद्द, आगाऊ रक्कम परत नाही’ म्हटलं असतं तर बुगडीही अडकली असती. हा पेच कुणालाही पडला असता.

त्यानंतर हॉलमार्कचे २,३६० मागितले. २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, पद्धतशीर पावतीसकट. आता नियम ऐका. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचाच नाही. करून घ्यायचा म्हटला तरी २०२२ मध्ये ठरलेला दर सोन्याच्या नगामागे ४५ रुपये अधिक कर. चमकी, बुगडी, छोट्या बाळ्या या सगळ्या ह्या २ ग्रॅमच्या फटीत बसतात आणि हे लोक तिथेच दुकान थाटतात. दागिन्यासोबत आलेलं गुळगुळीत कार्ड म्हणजे हॉलमार्क नव्हे. शिक्का दागिन्यावर असतो. त्यातला एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, सहा अक्षर-अंकांचा असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासता येतो. मला आलेल्या कार्डावर आठ आकडे होते.

पार्सल आलं. उरलेले ७,९०० दारात द्यायचे होते, आणि पैसे दिल्याशिवाय पाकीट उघडू देणार नाही असं डिलिव्हरीवाल्याने सांगितलं. उघडलं तर दोन बुगड्या, दोन्ही सारख्या झगझगीत. आईच्या बुगडीत खालच्या ओळीतला एक मोती पिवळट पडलेला होता आणि दांडी किंचित वाकलेली. या दोघींचे मोती पांढरेफेक, दांड्या सरळसोट. म्हणजे नवी तर खोटीच, ‘जुनी’सुद्धा आईची नाही. सोनाराने कसोटीवर एक रेघ ओढली, अ‍ॅसिडचा थेंब टाकला आणि माझ्याकडे न बघताच मान हलवली. पितळेवर मुलामा.

खात्री व्हावी म्हणून ती आधी कानात घालून पाहिली होती. दांडी जाड, तरी भोकात शिरली, आणि दोन दिवसांत कानाची वरची कड सुजून लाल. डॉक्टरांनी सांगितलं की तिथे कूर्चा असते, तिला रक्तपुरवठा कमी, जंतुसंसर्ग झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. आकसलेल्या भोकात काही दाबून घालू नका. आणि स्वस्त मुलाम्याखाली निकेल असेल तर अंगावर उठतं, तेव्हा ‘थोडे दिवस चालेल’ असं म्हणत बसू नका.

आता पोलीस. ठाण्यातला पहिला प्रश्न, “मॅडम, तुम्ही स्वतःहून पाठवलं ना? मग चोरी कशी?” मी म्हटलं, चोरी नाही, फसवणूक. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, विश्वासघाताला ३१६ आहे. तर कुरिअरच्या पावतीवर बोट ठेवून, “इथे तुम्हीच लिहिलंय की नकली. ५०० रुपयांच्या नकली मालासाठी गुन्हा नोंदवू?” मग “पत्ता पुण्याचा, तिकडे जा.” हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची सोय, आता कायद्यातच लिहिलेली आहे. हे मी सांगितल्यावर साहेब जेवायला गेले. संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत, आमचा संबंध नाही. कुरिअरवाल्यांनी सांगितलं, घोषित किंमत ५००, भरपाई त्याच हिशोबाने. एकानेही विचारलं नाही की तो माणूस कोण, खातं कुणाचं, त्याच नंबरावर आणखी किती बायकांचं सोनं गेलं. प्रत्येकाला फक्त माझ्या सहीची ती ओळ दिसत होती.

पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात नंतर जा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. मी भरली आहे. दागिना दुरुस्तीला द्यायचा तर समोर वजन करून, वजन आणि वर्णन पावतीवर लिहून घेऊन द्या. आटे झिजले असतील तर दोऱ्यावर विसंबू नका, नवी फिरकी बसवून घ्या, काम थोडक्यात होतं.

ते पान बंद झालं होतं. आता दुसऱ्या नावाने पुन्हा उघडलंय आणि ‘आमचं काम’ म्हणून माझ्याच बुगडीचा फोटो लावलाय. खालच्या ओळीत पिवळट मोती असलेली बुगडी तुमच्या समोर आली तर नुसतं पुढे सरकू नका. स्क्रीनशॉट काढा, पानाचं नाव आणि फोन नंबर दिसेल असा, आणि तो घेऊन तक्रार करा. माझ्या एकटीच्या अर्जाला कुणी हलत नाहीये.