हँडरब की साबण-पाणी?

नवीन लागलेल्या सिस्टरने विचारलं, ताई, दर वेळी बेसिनपर्यंत जायचं का नुसतं हँडरब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर) चोळलं तरी चालतं? मी म्हटलं, बाटलीवरचं ‘९९.९ टक्के जंतू मरतात’ आधी विसर.

वेळ म्हणशील तर हँडरबला २०-३० सेकंद, साबणाने नीट धुवायला ४०-६०, त्यात बेसिन वॉर्डाच्या पार त्या टोकाला, नळाला पाणी असेल तर नशीब, मग माणूस धुणंच टाळतो, मीपण टाळलंय.

कातडी साबणाने जास्त कोरडी पडते. हँडरबमध्ये बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं पण चीर असेल तर जाम झोंबतं.

आता मुद्द्याचं. हाताला रक्त, शी, उलटी लागली की साबणच. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूच्या जुलाबाचा पेशंट असला तरी साबणच, त्या जंतूचे स्पोअर, म्हणजे त्याचं टणक कवचातलं रूप, अल्कोहोलने मरत नाहीत. बाकी बऱ्याच जंतूंवर हँडरब साबणापेक्षा सरस आहे, फक्त हात कोरडे हवेत आणि सुकेपर्यंत चोळायचं, ड्रेसला पुसायचं नाही! अंगठा आणि बोटांची टोकं दोन्ही पद्धतींत हमखास सुटतात.

तर बीपी, सलाईन, एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाताना हँडरब. बेडपॅन केलं, हात चिकट वाटले, जेवायला निघालीस तर बेसिन. ग्लोव्ह्ज होते म्हणून सूट नाही हां, ते काढल्यावरपण हात साफ करायचेच.