मुलाखत आपोआप उतरवून देणारं सॉफ्टवेअर: बातमीदारीत काही महिने वापरल्यानंतर

बातमीदारीतलं सगळ्यात जिवावर येणारं काम म्हणजे मुलाखत उतरवणं. तासाभराचं रेकॉर्डिंग हाताने टाइप करायचं तर तीन-चार तास सहज जातात. थांबवा, मागे घ्या, पुन्हा ऐका, एकाच वाक्याला चारदा कान द्या. हे काम आपोआप करून देणारं सॉफ्टवेअर मी आता बरेच महिने रोज वापरते आहे. ते मी सोडणार नाही. पण त्यातून आलेलं एकही वाक्य मूळ आवाज ऐकल्याशिवाय अवतरणचिन्हांत घालायचं नाही, हे मी ठरवलंय, आणि डेस्कवरच्या, म्हणजे बातम्या तपासून छपाईला देणाऱ्या, प्रत्येकाने ठरवावं असं मला कळकळीने वाटतं.

सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही. अशा अनेक सेवांच्या मुळाशी आवाजाचा मजकूर करायला शिकवलेले मोजकेच प्रोग्राम, म्हणजे मॉडेल्स, असतात, त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते थोड्याफार फरकाने तुमच्याकडच्या सॉफ्टवेअरलाही लागू पडेल.

आधी जे मनापासून आवडलं ते. रेकॉर्डिंग टाकलं की काही मिनिटांत मजकूर समोर येतो, हे झालंच. खरी किंमत आहे ती मजकुरातल्या शब्दावर क्लिक केलं की नेमका तिथलाच आवाज ऐकू येतो, या सोयीची. पूर्वी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, वाचताना संपादकांनी ‘हे असंच म्हणाले का?’ असं विचारलं, की अख्खं रेकॉर्डिंग चाळावं लागायचं. घाईत ‘हो, असंच म्हणाले’ यावरच भागवलं जायचं. आता मी ती जागा उघडून हेडफोन त्यांच्या हातात देते. वादग्रस्त बातमी छापण्याआधी वकिलांना दाखवायची असेल तेव्हा तर ही सोय फारच कामाची. पडताळणी सोपी झाली की माणसं ती करतात, हे मी या काही महिन्यांत पाहिलं.

दुसरी मोठी सोय शोधाची. जुन्या मुलाखती आता नुसत्या आवाजाच्या फायली राहिलेल्या नाहीत. एखाद्या प्रकल्पाचं नाव टाकलं की कोण, कधी, काय बोललं होतं ते एका ओळीखाली एक दिसतं. तीच व्यक्ती आधी काय म्हणाली होती आणि आज काय म्हणतेय, हे शेजारी शेजारी ठेवून प्रश्न विचारता येतो. मोठ्या शोधपत्रकारितेचा पायाही असाच घातला गेला. २०१६ मध्ये बाहेर आलेल्या पनामा पेपर्समध्ये, म्हणजे पनामातल्या एका लॉ फर्मच्या फुटलेल्या कागदपत्रांत, सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज होते, एकूण २.६ टेराबाइट. स्कॅन केलेली पानं यंत्राकडून वाचून घेऊन शोधता येईल असा मजकूर तयार केला, म्हणून तर साडेतीनशेहून जास्त पत्रकारांना त्या ढिगातून आपापल्या देशाचे धागे काढता आले. एकट्या बातमीदाराच्या लॅपटॉपवरच्या मुलाखतींना तीच ताकद मिळाली, तर त्या बातमीदाराची आठवण किती लांब जाते याचा विचार करा.

आता चुकांकडे. नावं चुकतात, आडनावं चुकतात, संस्थांची लघुरूपं तर हमखास चुकतात. पावणेतीनशे आणि तीनशे यांतही गोंधळ होतो. दोघं एकदम बोलले की मजकुराची खिचडी होते. याचा मी फार बाऊ करत नाही, कारण अशा बहुतेक चुका नजरेला खुपतात. वाचतानाच कळतं की इथे काहीतरी बिघडलंय. आकडे तेवढे प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचे.

मला काळजी आहे ती गुळगुळीत चुकांची. एक नमुना देते. मी विचारलं होतं, ‘म्हणजे तुम्हाला हे आधीच माहीत होतं?’ समोरचे अधिकारी ‘हं…’ एवढंच म्हणाले आणि मग दुसऱ्या मुद्द्याकडे वळले. मजकुरात माझा प्रश्न त्यांच्या नावाखाली गेला, ‘तुम्हाला’ आणि प्रश्नचिन्ह गळालं, आणि वाक्य तयार झालं: ‘म्हणजे हे आधीच माहीत होतं.’ व्याकरण शुद्ध, अर्थ स्पष्ट, थेट मथळ्यात बसेल असं. फक्त ते कुणीच म्हणालेलं नव्हतं. मराठीत ‘माहीत होतं’ आणि ‘माहीत होतं?’ यांतला फरक बहुतेक वेळा सुरातच असतो, आणि सूर हीच या यंत्राची कच्ची बाजू आहे. वाक्याच्या शेवटी पुटपुटलेला ‘नाही’ असाच गिळला जातो. कबुली आणि इन्कार यांच्यामध्ये तेवढा एकच शब्द उभा असतो.

त्याहून गंभीर प्रकार शांततेचा. अवघड प्रश्नानंतर समोरचा माणूस थांबतो, पाणी पितो, कागद चाळतो. मुरलेला बातमीदार तिथे घाई करत नाही, कारण त्या थांबण्यातच पुष्कळ काही असतं. मजकुरात मात्र प्रश्न आणि उत्तर एकमेकांना चिकटून येतात, जणू उत्तर तयारच होतं. काही वेळा त्या रिकाम्या जागेत यंत्र स्वतःचेच शब्द भरतं. माझ्याकडे अशा जागी बहुतेक वेळा ‘धन्यवाद’सारखे निरुपद्रवी शब्द आले. सगळ्यांच्याच बाबतीत ते निरुपद्रवी नसतात.

यावर नीट अभ्यास झालेला आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘व्हिस्पर’ हे आवाज उतरवणारं मॉडेल सगळ्यांना वापरायला खुलं केलं. सुमारे ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर ते शिकवलेलं होतं. इंग्रजीखेरीज ९६ भाषांतला आवाज त्याच भाषेत उतरवण्याच्या वाट्याला त्यातले साधारण १ लाख १७ हजार तास आले, म्हणजे बहुतेक शिकवणी इंग्रजीत झाली. कॉर्नेल विद्यापीठाच्या अ‍ॅलिसन कोनेके आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात या मॉडेलने उतरवलेल्या आवाजाच्या तुकड्यांपैकी सुमारे १ टक्का तुकड्यांत कुणीच न बोललेली वाक्यं किंवा वाक्यांश आढळले, आणि अशा बनावट मजकुरापैकी ३८ टक्के मजकूर अपायकारक होता. कुणी एका मुलाबद्दल आणि छत्रीबद्दल बोलत होतं, मजकुरात सुरा आणि माणसं मारल्याची भर पडली. ज्यांच्या बोलण्यात थांबे जास्त, म्हणजे मेंदूच्या आजारामुळे शब्द सापडायला वेळ लागणारी माणसं, त्यांच्या बाबतीत हे जास्त घडलं.

१ टक्का ऐकायला कमी वाटतो. पण आपण कुणाशी बोलतो ते आठवा. अपघातातून वाचलेली बाई, मुलगा गमावलेला बाप, नोकरी जाईल या भीतीने जपून बोलणारा कर्मचारी. ही माणसं अडखळत बोलतात, मध्येच गप्प होतात. पत्रकार परिषदेत घडाघडा बोलणाऱ्या प्रवक्त्याचा मजकूर यंत्र जवळपास निर्दोष देतं. म्हणजे ज्यांना आपला खुलासा छापून आणण्याची साधनं आधीच भरपूर आहेत त्यांचे शब्द अचूक येतात, आणि ज्यांच्याकडे आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही त्यांचे बिघडतात. या सॉफ्टवेअरविरुद्ध माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

म्हणून वही सुटलेली नाही. उलट मी तिच्यात वेगळं टिपायला लागले. शब्द यंत्र धरतंय, तर मी वेळ लिहिते आणि समोर काय दिसतंय ते लिहिते: इथे बराच वेळ गप्प, इथे शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिलं, इथे फाइल मिटली. नंतर त्या वेळा मजकुराशी जुळवून बघते. मुलाखत घेताना मान वर राहते, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येतं, पुढचा प्रश्न त्याच्या उत्तरातून सुचतो. हा फायदा मी धरला नव्हता. आता तो मला उरलेल्या सगळ्या फायद्यांपेक्षा मोठा वाटतो.

‘सारांश’ नावाचं बटण मी बंदच करून टाकलं. बोलणाऱ्याने जे सगळ्यात जास्त वेळा सांगितलं ते हे बटण वर आणतं, आणि सराईत माणूस जास्त वेळा तेच सांगतो जे त्याला छापून हवं असतं. बातमी पुष्कळदा एकदाच, ओझरत्या उल्लेखात येऊन जाते. नेमकी तीच सारांशात गळते.

डेस्कवर काय बदललं तेही सांगायला हवं. मजकूर मिनिटांत मिळतो हे कळल्यावर कॉपीही मिनिटांत मागितली जाते. उतरवण्यातले वाचलेले तास पडताळणीला मिळायला हवे होते. बऱ्याच ठिकाणी ते आणखी एका बातमीला जातात. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, पण असा निर्णय घेणारे त्याच्याकडे बोट दाखवतात, म्हणून लिहिते. ‘मशीनने उतरवलंय, बरोबरच असेल’ हे वाक्य न्यूजरूममध्ये रुजता कामा नये. मूळ रेकॉर्डिंग तर कधीही पुसू नये. ते गेलं की चूक सिद्ध करायला काही उरत नाही आणि बरोबर ठरवायलाही नाही.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात. नाव उघड होऊ नये म्हणून ज्याला शब्द दिलाय, त्याचा आवाज मी कुठल्याही ऑनलाइन सेवेवर चढवत नाही. त्यासाठी इंटरनेट बंद करून स्वतःच्या संगणकावर चालणारं मॉडेल वापरते. व्हिस्पर असं चालतं. वेळ जास्त लागतो, जुन्या मशीनवर तर फारच. लागू दे.

घ्यावं का? एकट्याने लांब मुलाखती घेत असाल तर नक्की घ्या. गर्दीत, वाऱ्यात, मोर्चात केलेल्या रेकॉर्डिंगसाठी घेणार असाल तर अपेक्षा कमी ठेवा. बोलीतल्या मुलाखतींसाठी अजून नाही. यंत्र बोली सरळ करून प्रमाण मराठीत आणतं, आणि मग ते त्या माणसाचं बोलणं राहत नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे मी दोन गोष्टी लिहून मागितल्या आहेत. ज्या शब्दांची यंत्राला खात्री नाही ते वेगळ्या रंगात दाखवा. आणि बोलणं थांबलं असेल तिथे किती सेकंद थांबलं ते कंसात लिहा, मधे दुसरं काहीही भरू नका. दुसरी सोय आधी आली तरी चालेल.