घरपोच ‘हार्ट पॅकेज’: जन्मजात हृदयदोष असलेल्यांच्या कितपत कामाचं?

रत्नागिरी शहर आणि आसपासच्या वाड्यांत घरी येऊन रक्त नेणारी ही सेवा वक्तशीर आहे, सुई टोचणारा हातही सफाईदार. पण पॅकेज बांधलंय मधुमेह-कोलेस्टेरॉलवाल्यांसाठी. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या तिशी-चाळिशीतल्या माणसाला लागणारी मुख्य तपासणी, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक), त्यात नाहीच. वेगळे पैसे मोजावे लागतात, मोजाच. रॉटरडॅमच्या २०१७ सालच्या अभ्यासात अशा ५९५ रुग्णांमध्ये पुढचा धोका ओळखताना ट्रोपोनिन-टी आणि जीडीएफ-१५ या रक्तातल्या दुसऱ्या दोन घटकांपेक्षा हीच तपासणी सरस ठरली. आकडा मात्र दरवेळी त्याच लॅबच्या मागच्या आकड्याशी ताडायचा. वजन जास्त असेल तर तो कमी दिसतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त.

‘त्याऐवजी बीएनपी (त्याच जातीचा दुसरा घटक) करा’ म्हणाले तर नको म्हणा. नमुना आंबा घाटातून कोल्हापूरला जातो आणि पावसाळ्यात गाडी अडकतेच. एनटी-प्रोबीएनपी दोन दिवस सहज तग धरतं, बीएनपी काही तासांत मोडू लागतं.

खरी अडचण रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी वापरतात त्या निळ्या टोपीच्या नळीत आहे. ज्यांचे ओठ-नखं निळसर असतात त्यांचं रक्त घट्ट, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बऱ्याचदा ५५ टक्क्यांच्या वर. नळीत ०.३ मिलि सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) आधीच असतं, त्यात २.७ मिलि रक्त पडतं. घट्ट रक्तात प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) कमी, म्हणून सायट्रेट जादा होतं आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) खोटाच वाढलेला येतो. मग रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस उगाच घटतो आणि गुठळीचा धोका वाढतो. हिमॅटोक्रिट ६० असेल तर सायट्रेट ०.२ मिलि पुरे, म्हणजे ०.१ मिलि आधीच सिरिंजने काढून टाकायचं. या सेवेच्या फॉर्मवर हिमॅटोक्रिट लिहायला जागाच नाही, ही मोठी उणीव. फोन करतानाच जुना सीबीसी (रक्तपेशी मोजणीचा रिपोर्ट) पाठवा आणि नळी तशी तयार करून आणायला सांगा. जमत नसेल तर आयएनआर इथे करूच नका.

याच निळसर रुग्णांनी फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्याही मागाव्यात. हिमोग्लोबिन १९ इतकं जास्त असूनही लोह कमी असू शकतं, आणि एमसीव्हीवरून (लाल पेशीच्या सरासरी आकारावरून) ते कळेलच असं नाही. रिपोर्टवर हिमोग्लोबिन लाल अक्षरांत आलं म्हणून कुणी ‘रक्त काढून टाका’ म्हणालं, तर आपल्या हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हात पुढे करू नका. तसं वारंवार काढल्याने लोह आणखी घटतं, पक्षाघाताचा धोका वाढतो.