मनगटावरचा पट्टा: उठवायला उत्तम, झोपेच्या बाबतीत अंदाजपंचे

मुलाने हौसेने दिलेला फिटनेस बँड. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातला निवृत्त माणूस मी. पेपर, टीव्ही, जेवण, खुर्चीतच डुलकी, आणि रात्री दोनला टक्क जागा.

तासभर हललो नाही की हा थरथरतो. मग उठून कुंड्यांना पाणी घालतो, गच्चीवर चक्कर मारतो. सौ. म्हणते, "जन्मभर मी सांगत होते, ते या पट्ट्याचं ऐकलंत!" सकाळी कमाटीबागेत फेरी सुरू केली. सकाळचा उजेड मिळाला की शरीराचं घड्याळ मार्गी लागतं. दुपारची डुलकी आटोपली आणि रात्रीची झोप पुष्कळ सलग झाली. जागतिक आरोग्य संघटना (२०२०) पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. तोलाचं या पट्ट्याला काही कळत नाही.

झोपेचं गणित मात्र हास्यास्पद. हालचाल आणि नाडी बघून तो अंदाज बांधतो, म्हणून पहाटे मी निपचित पडून रामरक्षा म्हणत असलो तरी सकाळी पडद्यावर 'गाढ झोप'! नातवाची बाबागाडी ढकलत सूरसागर तळ्यापर्यंत गेलो तर हात स्थिर, पावलं निम्मीही मोजली नाहीत. अक्षरं मुंगीएवढी.

रबरी पट्ट्याने घामात खाज सुटते. रावपुऱ्यात कापडी मिळाला, तो लावा.