फुल राइड की मोठं नाव? एका टेबलावरची दोन पत्रं

मार्चअखेर आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन पत्रं पडून होती. एक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टस्कलूसा गावाहून, अलाबामा विद्यापीठाचं: नॅशनल मेरिट फायनलिस्ट (परीक्षेतल्या गुणांवर देशभरातून निवडलेली विद्यार्थिनी) म्हणून पाच वर्षांपर्यंतची ट्यूशन, म्हणजे कॉलेजची फी, माफ, चार वर्षं होस्टेल फुकट, शिवाय दरवर्षी वरखर्चाला थोडे पैसे, म्हणजे इथे म्हणतात तशी जवळजवळ 'फुल राइड'. दुसरं अमेरिकेच्याच ईशान्येकडच्या एका नामांकित खासगी विद्यापीठाचं. त्यात अभिनंदन भरपूर, मदत शून्य. सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "अलाबामा? ते कुठं आलं गं? दुसऱ्याचं नाव निदान पेपरात तरी वाचलंय."

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत दर वसंतात हाच पेच पडतो आणि उत्तर द्यायला 1 मेपर्यंतच वेळ असतो. म्हणून आम्ही केलेला हिशोब इथे मांडतेय. आमची लेक बारावीत, मेडिकलला जायचं म्हणते, निदान आज तरी.

आधी पैसा, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे

नाववाल्या खासगी विद्यापीठांचा सगळा खर्च आता वर्षाला 90 हजार डॉलरच्या आसपास गेलाय. चार वर्षांचे 3 लाख 60 हजार, तेही फी वाढणार नाही असं धरून. (आईबाबांना सांगताना रुपयांत करू नका. मी केले, आणि फोनवर बराच वेळ कुणी बोललंच नाही.)

आमच्या 529 खात्यात (मुलांच्या शिक्षणासाठीचं, करसवलत असलेलं बचत खातं) 1 लाख 10 हजार होते. मुलीच्या स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळतं ते पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500, पुढची दोन वर्षं 7,500; सगळं मिळून 27 हजार. उरलेलं पूर्वी 'पॅरेंट प्लस' या पालकांच्या नावावरच्या सरकारी कर्जातून हवं तेवढं उचलता यायचं. 2025 च्या नव्या कायद्याने तेही दार किलकिलंच ठेवलंय: 1 जुलै 2026 पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांना वर्षाला 20 हजार आणि एका मुलामागे एकूण 65 हजार, एवढीच मर्यादा. ही सगळी बेरीज होते 2 लाख 2 हजार. राहिले 1 लाख 58 हजार, म्हणजे चार वर्षं दर महिन्याला पगारातून जवळजवळ 3,300 डॉलर. मॉर्टगेज, धाकट्याचा खर्च आणि दर दोन वर्षांनी भारतात जाणं, हे सगळं सांभाळून. शिवाय ते 65 हजार 9 टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिना 823 डॉलरचा हप्ता वेगळाच.

अलाबामाच्या बाजूला काय येतं? जेवण, पुस्तकं, काही फिया, विमानाची तिकिटं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ट्यूशन आणि पुस्तकांपुरती स्कॉलरशिप करमुक्त असते, पण राहण्या-खाण्यासाठी मिळालेली रक्कम मुलाचं करपात्र उत्पन्न धरली जाते. 'फुकट' होस्टेलवरही थोडा टॅक्स बसू शकतो.

आमच्यासारख्या दोन पगारांच्या घराची गंमत अशी, की आम्ही मदत मिळण्याइतके गरीब नाही आणि चेक फाडून देण्याइतके श्रीमंतही नाही. तुमचं घर यात बसत नसेल तर माझा हिशोब गुंडाळून ठेवा. आयव्ही लीगमधलं (हार्वर्ड, येल अशा आठ जुन्या नामांकित विद्यापीठांचा गट) एकही विद्यापीठ मेरिट, म्हणजे गुणांवरची, स्कॉलरशिप देत नाही, पण गरज बघून भरघोस देतात. 2025 पासून हार्वर्डमध्ये वर्षाला 2 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना (मालमत्ता नेहमीच्या मानाने असेल तर) ट्यूशन माफ आहे आणि 1 लाखापर्यंत जवळपास सगळंच. अशा घराला तिथली सीट मिळाली असेल तर तुलना कसली करायची? नाव आणि पैसा एकाच ताटात वाढून आलंय. प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' (मदत वजा जाता आपल्या घराला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा) ठेवणं सक्तीचं आहे. प्रवेशाचा अर्ज करण्याआधी, ऑक्टोबरातच तो भरा. आम्ही जानेवारीत भरला, आणि घरात उगाच तीन महिने स्वप्नं रंगली.

नावाने नेमकं काय मिळतं

यावर शेजारपाजारच्या मतांपेक्षा दोन अभ्यास जास्त कामाचे. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी 2002 साली दाखवलं, की दोन मुलांनी सारख्याच कॉलेजांना अर्ज केले, त्यांना सारखेच होकार-नकार आले आणि एकाने कमी नावाचं कॉलेज घेतलं, तर पुढे पगारात फारसा फरक पडत नाही. पोराची हुशारी त्याच्याबरोबरच जाते. त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात अपवाद निघाला तो कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि ज्यांचे आईवडील फार शिकलेले नाहीत अशा मुलांचा. त्यांना नावाचा खरंच उपयोग झाला.

2023 मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही धरून 12 सर्वांत नामांकित खासगी विद्यापीठांची राज्यांच्या मुख्य सरकारी विद्यापीठांशी तुलना केली. सरासरी कमाईत फारसा फरक नाही. पण देशातल्या सर्वाधिक कमावणाऱ्या 1 टक्क्यात पोचण्याची शक्यता दीडपट, नामवंत कंपनीत लागण्याची तिप्पट. म्हणजे वॉल स्ट्रीट, मोठी कन्सल्टिंग, सुप्रीम कोर्टाची क्लार्कशिप अशा मोजक्या अरुंद दारांवर नाव विचारलं जातं. सॉफ्टवेअर, इंजिनिअरिंग, नर्सिंग, अकाउंटिंगमध्ये तेवढं नाही. ज्याला गोल्डमन सॅक्ससारख्या वॉल स्ट्रीटच्या बँकेतच जायचंय त्याच्या आईला मी अलाबामा सांगणार नाही. आणि हेही ध्यानात घ्या की ती 12 नावं म्हणजे 12 च. आमच्या टेबलावरचं दुसरं पत्र त्या बारांतलं नव्हतं, तरी पैसे मात्र तेवढेच मागत होतं.

मेडिकलवाल्यांसाठी

इथे माझं मत पक्कं आहे. मेडिकलची निवड समिती मुख्यतः जीपीए (कॉलेजातली गुणांची सरासरी), एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा), संशोधन आणि दवाखान्यात काढलेले तास बघते. अंडरग्रॅडचं, म्हणजे मेडिकलआधी इथे करावी लागते त्या पदवीच्या कॉलेजचं, नाव थोडं वजन देतं, नाही असं नाही. पण खरा खर्च पुढेच आहे: अनेक खासगी मेडिकल कॉलेजांची नुसती ट्यूशन वर्षाला 65 हजारांच्या पुढे आहे, आणि नव्या कायद्याने तिथल्या सरकारी कर्जालाही वर्षाला 50 हजार, एकूण 2 लाखांचं कुंपण घातलंय. आधीच रिकामं झालेलं घर तेव्हा काय करणार?

राहायचं कुठे

एप्रिलमध्ये आम्ही टस्कलूसाला जाऊन आलो. मला धाकधूक होती, खोटं कशाला सांगू. आपल्याकडचं वाणसामान हवं असेल तर तासभर गाडी हाकून बर्मिंगहॅम. शनिवारी फुटबॉल असला की एक लाख माणसं मावणाऱ्या स्टेडियमभोवती गावच्या जत्रेसारखी गर्दी. निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच्या राज्यांतली, त्यामुळे लेक एकटी पडेल ही भीती तिथल्या तिथे विरली. पहिल्या वर्गात ती मागे बसली आणि तास संपल्यावर प्राध्यापकांना प्रश्न विचारत वीस मिनिटं उभी राहिली. दुसऱ्या विद्यापीठात तिला इमारती आवडल्या होत्या. टॉर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखी फिरत येणारी वादळं, मात्र हसण्यावारी नेऊ नका. 27 एप्रिल 2011 ला या गावातून मोठं टॉर्नेडो गेलं होतं. होस्टेलमध्ये आसरा घ्यायची जागा कुठे आहे ते आम्ही पाहून घेतलं.

अटी, बारीक अक्षरांतल्या

स्कॉलरशिप टिकवायला ठराविक जीपीए लागतो. तो किती, आणि एका सेमिस्टरला घसरला तर सावरायला संधी मिळते का, हे ईमेलने विचारा. फोनवरचं कुणी लक्षात ठेवत नाही. केमिस्ट्री आणि ऑरगॅनिक घेणाऱ्या मुलांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. अनेक ठिकाणी नॅशनल मेरिटच्या पोर्टलवर 'फर्स्ट चॉइस' म्हणून त्याच विद्यापीठाचं नाव ठराविक तारखेआत टाकावं लागतं.

आणि एच-फोरवरची मुलं, म्हणजे आईवडिलांच्या एच-वन नोकरी व्हिसाच्या आधाराने इथे राहणारी. नॅशनल मेरिटसाठी नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा निदान ग्रीन कार्डाचा दाखल केलेला अर्ज लागतो, आणि वर लिहिलेली सरकारी कर्जं त्यांना मिळतच नाहीत. अशा घरांनी विद्यापीठांच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिप शोधाव्यात. माझ्या हिशोबातल्या निम्म्या ओळी त्यांच्या कामाच्या नाहीत, हे कबूल.

30 एप्रिलला रात्री लेकीनं स्वतः टस्कलूसाचं डिपॉझिट भरलं. 529 मधले पैसे तसेच राहिलेत. मिळालेल्या करमुक्त स्कॉलरशिपएवढी रक्कम 10 टक्के दंड न भरता काढता येते, फक्त वाढीवर टॅक्स लागतो. मी म्हणते, हात लावायचा नाही, मेडिकलला लागतील. नवऱ्याला त्यातून गळकं छप्पर बदलायचंय. यावर आमचं अजून ठरलेलं नाही.