बर्की की पावनखिंड? एका दिवसात ओढ्याकाठची वाट

कोल्हापुरातनं एका दिवसात ओढ्याकाठनं, झाडीतनं चालून यायचं म्हटलं की आमच्या कट्ट्यावर ही दोन नावं हमखास निघतात. दोन्ही शाहूवाडी तालुक्यातली. पण एक अर्ध्या दिवसात होते आणि दुसरी पाय मोडून ठेवते.

बर्की सोपी. बाजारभोगावकडनं गावापर्यंत गाडी जाते, पुढं ओढ्याच्या कडेनं चालत धबधबा. पोरं, मावशी, सगळ्यांना जमतं. फक्त पावसाळ्यातला रविवार टाळा; धबधब्याच्या आवाजापेक्षा स्पीकरचा जास्त येतो. आणि पाण्यावर नजर ठेवा. एकदा पलीकडच्या दगडावर भाकरी-खर्डा सोडून बसलो होतो. आमच्याकडं उघडीप, वर डोंगरात मात्र धो धो. नितळ पाणी बघता बघता चहासारखं झालं, काटक्या वाहून यायला लागल्या. भाकरी तशीच कापडात गुंडाळली आणि काठ गाठला. नंतर दगड दिसेना झाला.

पावनखिंडीला गाडीनंही जाता येतं, पण मग नुसता जिना उतरून फोटो काढून परत. पन्हाळ्यावरनं निघणारी मोहीम दोन दिवसांची असते. तिचा दुसरा टप्पा तेवढा घ्या. करपेवाडीतनं सकाळी लवकर निघायचं, आंबर्डे, माळेवाडी, पाटेवाडी करत पांढरेपाणी, तिथनं खिंड. पाटेवाडीच्या पुढं रान दाट होतं, वाट कुठली आणि ओढा कुठला कळत नाही. चिखलात बूट राहतो, पाय तेवढा वर येतो. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी हवीच. एवढं तुडवून खिंडीत उतरलं, की १३ जुलै १६६० ला रात्रभर पळत आलेले बाजीप्रभूंबरोबरचे बांदल मावळे इथं कसे उभे राहिले असतील, ते पायांनाच कळतं.

पोरं बरोबर असतील तर बर्की, तीही मधल्या वारी. नाहीतर माझं मत पावनखिंडीला, जुलैतली मोहिमांची गर्दी ओसरल्यावर. मात्र चालणं एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपतं, म्हणून परतीची गाडी आधीच ठरवा. आम्ही ठरवली नव्हती. मलकापूरपर्यंत दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मधे उभं राहून आलो.